मातीचा वास चालतो

अपमान माझा झाला. पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, यवतमाळच्या कॉलेजात, एमएस्सीच्या प्रयोगशाळेत, सगळ्या वर्गासमोर.

आदल्या दिवशी आमच्या कपाशीवर फवारणी होती. पंप भावाच्या पाठीवर, पाणी वाहायला मी. दोनदा साबण लावून आंघोळ केली, तरी वास गेला नाही. रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरसमोरच्या खुर्चीवर बसायला गेले, तर सर म्हणाले, "तू दूर उभी राय. औषधाचा वास घेऊन आली. मशीन नाजूक आहे. रीडिंग श्वेता घेईन."

श्वेता कृषी केंद्रवाल्याची मुलगी. आम्ही फवारतो ते औषध तिच्याच बापाच्या दुकानातलं. ती हसली. "तुले येत नाही काय वं वास?"

इस्त्रीचा पांढरा एप्रन. मऊ बोटं. तिच्या बोटांचा हेवा वाटला. खुर्चीत रेलून बसण्याचा त्याहून जास्त.

एन्झाइम मी काढलेलं होतं. तेच फवारणीचं विष तोडणारं. त्याच्या गाभ्यात जस्त असतं. तोडायचं काम जस्ताचं. पण जस्ताला रंग नाही, मशीनला ते दिसतच नाही. म्हणून ते काढायचं आणि त्याच्या जागी कोबाल्ट बसवायचा. कोबाल्टचा रंग मशीन लगेच टिपते. हे सगळं मी केलं, बर्फात बोटं बधिर करून. आणि आता दूर उभी राहून श्वेताला बटण दाबताना बघत होते. खोटं कशाला सांगू? जस्ताच्या जागी बसून लगेच दिसणाऱ्या त्या कोबाल्टचाही मला हेवा वाटला.

मग आठवलं. हे एन्झाइम बनवणारे जिवाणू आमच्याच वावरातले. फवारून फवारून भिजलेल्या मातीतून मीच काढलेले. मातीची पिशवी आणली तेव्हा सरांनी ती नाकाशी धरली होती. "व्वा! काय वास आहे! अशीच पाहिजे!"

मी म्हटलं, "सर, मातीचा वास चालते, मंग माहा काहून नाही चालत?"

मी श्वेताला म्हटलं, "ऊठ." ती उठली. मी बसले. सरांनी मशीन बंद केली. तास संपेपर्यंत मी बंद मशीनपुढे बसून राहिले. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी बटण सरांनीच दाबलं. रीडिंग मी घेतलं.

हेवा गेला नाही. जाऊ देणारही नाही. वर्गात अजून तीन मुली काचेची भांडी घासून भिंतीपाशी उभ्या असतात.

तुम्ही कॉलेजात असाल, तर उद्याच प्रयोगशाळेत जा. मशीनसमोर कोण बसतं, काचेची भांडी कोण घासतं, ते बघा. घासणारीला खुर्ची द्या. आणि त्या खुर्चीत तुम्हीच बसला असाल, तर उठा.