अर्थशास्त्राची सोयरीक

आमच्या घरात सोयरीक जुळवताना आजवर कोणी फसलेलं नाही, म्हणून स्वातीचं विद्यापीठही आम्ही त्याच रीतीनं बघितलं. स्वाती ही माझी धाकटी मुलगी. तिला अर्थशास्त्र शिकायचं होतं आणि पुण्यात दोन ठिकाणी तिचा नंबर लागला होता. एक भलंमोठं सरकारी विद्यापीठ, दुसरं छोटंसं खासगी. सोमवारपर्यंत कुठलं तरी एक ठरवायचं होतं.

"घर बघितल्याबिगर पोरगी द्यायची न्हाई," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. पाथर्डीकडच्या निम्म्या लग्नांत मध्यस्थ तेच! (उरलेल्या निम्म्यांत रुसलेले पाहुणेही तेच.) शुक्रवारी सकाळी जीप निघाली. एका प्रवेशासाठी नऊ माणसं!

सरकारी विद्यापीठात आम्हाला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. खिडकीतले साहेब मान वर न करता म्हणाले, "माहिती भिंतीवर लावलीय, वाचून घ्या."

आबा तापले. "मुलीकडची मानसं आलीत आन् बसा म्हनायची रीत न्हाई? उठा रं!" उठायला कोणी बसलंच नव्हतं.

तेवढ्यात स्वाती गायब! तासभर शोधली, तर ती एका वर्गात शेवटच्या बाकावर. सर कांद्याचे भाव का पडतात ते शिकवत होते आणि ही हात वर करून त्यांना आमच्या शेताची हकिगत सांगत होती!

"पप्पा, दहाच मिनटं थांबा ना," ती म्हणाली. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

खासगीत मात्र पाहुणचार बघावा! एसी काय, सोफा काय, गरमागरम पोहे काय! प्रवेशाच्या मॅडम तर दारापर्यंत सामोऱ्या आल्या. आबांनी चौकशी सुरू केली.

"घरात मानसं किती?"

"वर्गात तीसच मुलं असतात, काका."

"आटोपशीर हाय. पानी?"

"चोवीस तास!"

आबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मॅडमनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी घेतला. आता आमच्याकडे मुलीच्या बापानं नारळ घेतला की बोलणं संपलं! आबांनी तिथूनच गावाकडे फोन लावला, "जमलं! पेढे वाटा!"

संध्याकाळी घरी स्वाती हळूच म्हणाली, "पप्पा, मला मोठंच विद्यापीठ पाहिजे. असं शिकवणारं कुणी मी आजवर ऐकलं नव्हतं." तिचे डोळे भरले होते. पोरीला मनाविरुद्ध कसं पाठवायचं? पण नारळ घेतलेला! दिलेला शब्द मोडायचा तर समोर जाऊन, हात जोडूनच. दुसऱ्या दिवशी एसटीनं पुन्हा पुणं गाठलं, शाल आणि नारळ मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"माफी करा, मॅडम. पोरीचं मन न्हाई."

मॅडम बघतच राहिल्या. "अहो काका, शाल-नारळ आम्ही येणाऱ्या प्रत्येक पालकाला देतो!"

घरी आल्यावर मी ऐटीत जाहीर केलं, "जा, भर तुझ्या सरकारीचा फॉर्म! मोडून आलो!"

स्वातीनं मान खाली घातली. "भरला, पप्पा. कालच. त्या मॅडम तुम्हाला शाल घालत होत्या ना, तेव्हाच मोबाईलवरून."

"मंग काल रडलीस कशाला?"

"तुमी रागावताल म्हणून."

रागावतो कसला! पोरगी आज तिथं मजेत आहे आणि मीही खूश आहे. पण आमच्या घराण्यात पोरीनं परस्पर जमवून टाकल्याचं हे पहिलंच प्रकरण, आणि मुलीचा बाप त्या वेळी अंगावर शाल घेऊन भलत्याच मांडवात पोहे खात होता!