पिनवाल्या काकू आणि माझा कान

तोंडात चार पिना धरून स्पष्ट बोलणारी एकच बाई मी आजवर पाहिली, आणि ती बाई नऊ वर्षं मला सोडून सगळ्यांच्या कानात बोलली.

आमच्या नागपूरच्या प्रतापनगरातल्या महिला मंडळात त्यांना सगळ्या पिनवाल्या काकू म्हणायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. दहाबारा बायका जुन्या काळातल्या बायकांचे पोशाख करून एकेक करून समोर येतात आणि तीन-तीन मिनिटं त्या बाईच्या तोंडून बोलतात. कुणी राणी, कुणी प्रभातफेरीत जाणारी, कुणी माहेरच्या पत्राची वाट पाहणारी सासुरवाशीण. लेखन माझं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा दुसरं कोण लिहिणार? आणि राणीही दरवर्षी मीच. उंची आहे, आवाज आहे, शेवटच्या रांगेतल्या बाईलाही माईकशिवाय ऐकू जातो. काकूंचं काम एवढंच, की समाजभवनाच्या मागच्या खोलीत गाद्यांच्या थप्पीशेजारी उभं राहून सगळ्यांना नऊवारी नेसवायची.

‘एवढंच’ हे मी म्हणायची. बाकी कुणी म्हणत नसे.

काकूंचे यजमान बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होते. काकू घरी व्हरांड्यात मशीन मांडून फॉल-पिकोची कामं करायच्या. शिक्षण चौथीपर्यंत. इतिहासाचं पुस्तक त्यांनी चौथीनंतर उघडलं असेल असं मला वाटत नाही. पण बाईच्या कमरेला गाठ मारून निऱ्या घातल्या, काष्टा मागे खोचला, की काकू तिचं नाव विसरायच्या. मग ती सुषमा नाही, की वंदना नाही. “थांब वं पत्रवाली, पदर घेऊ दे,” असं म्हणायच्या. आणि ती पत्रवाली लगेच जरा वाकून, जरा बिचकून उभी राहायची. मला मात्र नथ घातली, चंद्रहार घातला, शेला दिला, तरी मी मॅडमच. “झालं मॅडम. पाहा आरशात.” बस.

पदर खांद्यावर लावला की त्यांची खरी गंमत सुरू व्हायची. पिना दातांत तशाच धरून त्या त्या बाईच्या कानाशी तोंड न्यायच्या आणि काहीतरी सांगायच्या. दोन वाक्यं, फार तर तीन. ऐकणारीचा चेहरा बदलायचा. एकदा तर प्रभातफेरीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काजळ पुन्हा घालावं लागलं. काय सांगतात, म्हणून विचारलं, तर त्या बायका नुसत्या हसायच्या. “काही नाही हो मॅडम, काकूंचं आपलं काहीतरी.” मला याचा हेवा वाटायचा. साधासुधा नव्हे, पोटात दुखेपर्यंत. साठी उलटलेली, शाळेत मुलांना घाबरवून सोडलेली बाई मी, आणि दरवर्षी शेला घेऊन झाला की मान किंचित तिरकी करून उभी राहायची. काकू म्हणायच्या, “मान सिधी ठेवा मॅडम, पदर सरकते.”

सुषमाचं सांगते. ही आमच्या समोरच्या घरातली. स्वभावानं इतकी भिडस्त, की दूधवाल्याला जास्तीचं दूध मागताना तिचा आवाज फाटकाबाहेर जात नाही. एका वर्षी जुन्या नागपुरातली गिरणी कामगाराची बायको तिच्या वाट्याला आली. मी तिला पानभर मजकूर दिला होता. गिरणी केव्हा आली, संप कसे झाले, भोंग्यावर गावाचं घड्याळ कसं चालायचं, सगळं त्यात होतं. ती डबा घेऊन समोर आली आणि अर्ध्याहून जास्त विसरली. नुसती उभी राहिली. डबा या हातातून त्या हातात घेत होती, मध्येच बोटांवर फुंकर घालत होती आणि हॉलच्या दाराकडे पाहत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “आज भोंगा अजून झाला नाही.” हॉलमध्ये कुणी तिळगुळाचा कागदसुद्धा वाजवला नाही. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तिच्यानंतर मी राणी होऊन आले. सनावळीसकट सगळं बिनचूक बोलले. मलाही टाळ्या पडल्या, पण मांडीवरची ताटली सांभाळत वाजवतात तशा.

त्या दिवशी आलूबोंडे खाताना मी सुषमाला कोपऱ्यात गाठलं. ती म्हणाली, “काकू म्हणाल्या, डबा गरम हाय वं, बोटं पोळून राह्यली, अन् तो अजून बाहेर येऊन नाही राह्यला.” एवढंच? एवढंच. माझं पानभर लेखन एकीकडे आणि हे एवढंसं वाक्य एकीकडे. हातातला बोंडा मी ताटलीत परत ठेवला.

पुढच्या वर्षी मी सीताबर्डीवरून शिवलेली नऊवारी आणली. पँटसारखी चढवायची, हूक लावायचा, मोकळं. म्हटलं, नकोच हिचं नेसवणं. काकूंनी वरून खाली पाहिलं, मनापासून म्हणाल्या, “मस्त हाय मॅडम. झटपट झालं तुमचं.” त्यांना वाईट वाटावं ही माझी इच्छा, आणि त्यांना बरं वाटलं! त्यांची दहा मिनिटं वाचली होती. ती दहा मिनिटं मी गाद्यांवर बसून काढली, आणि काकू एकेकीच्या कानाशी वाकतात हे पाहत राहिले. त्यानंतर ती शिवलेली नऊवारी मी भाचीला देऊन टाकली.

काकू कधी हॉलमध्ये बसून कार्यक्रम पाहत नसत. पडद्याच्या कडेला भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. अध्यक्षीणबाईंनी एकदा त्यांना आग्रह केला, “तुम्ही पण एखादी भूमिका करा ना.” काकू म्हणाल्या, “नाही बाप्पा. मी समोर गेली तर यांच्या गाठी कोण पाहन?” मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. त्या कुठली भूमिका मागतील याची मला धास्ती होती.

मागच्या दिवाळीनंतर काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मंडळातल्या बायका जोडीजोडीनं भेटून आल्या. मी मुद्दाम एकटी गेले, दुपारची, कुणी नसेल अशा वेळी. संत्री नेली होती, ती टेबलावर ठेवली. काकूंची जीभ जरा जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. त्या तोंडात पिना नाहीत हे बघायची मला सवय नव्हती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी विचारलंच. आजारी माणसाला असलं विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

“काकू, सगळ्यांना कानात काहीतरी सांगत होतात. मलाच का कधी सांगितलं नाही?”

डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी पोटावर ठेवला. “सांगतलं होतं ना मॅडम. पयल्याच वर्षी.”

“मला?”

“मंग काय. मी म्हटलं, राणीचे पाय दुखून राह्यले. सकाळपासून उभी हाय दरबारात, पण तिले बस म्हणणारं कोणी नाही. तर तुमी म्हणाल्या, याला पुरावा काय?”

मला आठवेना. पण मी तसं म्हणाले असणार यात शंका नव्हती. वर्गात मी दिवसातून दहा वेळा तेच म्हणायची.

“मी बापा चौथी शिकलेली. पुरावा कुठून आणू? म्हटलं, मॅडमले सारं माहीत हाय, त्यायले काहून सांगा?” काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नऊ वर्षं ज्यांच्यावर जळले, त्यांनी माझं दार ठोठावून पाहिलं होतं, आणि कडी मीच लावून घेतली होती.

मी म्हटलं, “आता सांगा. पुरावा मागणार नाही.”

काकूंनी डाव्या हातानं मला जवळ खुणावलं. मग म्हणाल्या, “खाली वाक वं.”

मी वाकले. त्यांचा श्वास कानाला लागला. दवाखान्याच्या औषधाचा वास आणि त्यात थोडा मशीनच्या तेलाचा, की तो मलाच आला कोण जाणे. त्या म्हणाल्या, “दरबार उठून गेला हाय. राणी एकटीच बोलून राह्यली. कोणी तरी थांबावं म्हणून मोठ्यानं बोलते बिचारी.”

आमच्या यांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला असतो. संध्याकाळी मी टीव्हीतल्या माणसांना मोठमोठ्यानं उत्तरं देते, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी तशीच वाकलेली राहिले. सरळ झाले तर चेहरा दिसला असता.

डिस्चार्ज मिळाल्यावर काकूंना त्यांची मुलगी चंद्रपूरला घेऊन गेली. मशीनही नेलं. काकूंच्या व्हरांड्यात आता नव्या भाडेकरूची स्कूटर असते.

संक्रांत आली. नेसवणार कोण, म्हणून मंडळात रड सुरू झाली. मी म्हटलं, मी नेसवते. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. पण मला खरंच येत होतं. बाकीच्यांचं लक्ष कानात असायचं. माझ्या कानात कुणी काही सांगतच नव्हतं, म्हणून मी नऊ वर्षं नुसते काकूंचे हात पाहिले होते. आणि नेसवणारीनं राणी व्हायचं म्हटलं तर बाकीच्यांच्या गाठी कोण पाहणार? राणी सुषमाला दिली. देताना जड गेलं. मजकूर माझाच होता, त्यातल्या सनावळ्या मी स्वतःच्या हातानं कापल्या.

त्या दिवशी मागच्या खोलीत सुषमाचा काष्टा खोचला, पदर लावला, शेला दिला. तिनं आपोआप मान तिरकी केली आणि थांबली. कान माझ्या बाजूला. इतकी वर्षं मी जशी थांबायची, अगदी तशी. माझ्या तोंडात दोन पिना होत्या. त्या काढून हातात घेतल्या, कारण पिना धरून बोलणं मला जमत नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काहीच नव्हतं. काकूंनी मला दिलेल्या दोनच गोष्टी होत्या. दरबार उठून गेल्याची मी माझ्याकडे ठेवली. दुसरी सांगितली.

“राणीचे पाय दुखून राह्यले वं. सकाळपासून उभी हाय. तिले बस म्हणणारं कोणी नाही.”

सुषमा समोर गेली. हुकूम सोडता सोडता तिनं एकदा या पायावरचा भार त्या पायावर घेतला, सिंहासनाकडे पाहिलं आणि बसली नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी नकळत बोलून गेली, “बस ना वं माय.” आणि हॉलभर टाळ्या पडल्या. माझ्या राणीला एवढ्या कधी पडल्या नव्हत्या. हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? मी पडद्याच्या कडेला भिंतीला टेकले होते, काकू उभ्या राहायच्या तिथेच. तिथे एक साधी खुर्चीही नाही, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. दुपारपासून अकरा जणींना नेसवून माझे पाय दुखत होते.