आतून लावलेली कडी

परवा दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी झाडताना बारीक वाळूचा कोरडा वास नाकात गेला आणि अल ऐनजवळच्या वाळवंटातला एक सुट्टीचा शुक्रवार आठवला.

बाबांच्या ऑफिसमधल्या मित्राने त्याची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं, आत छोटा ओटा असलेलं चाकांवरचं घर, एका दिवसापुरती दिली होती. तेव्हा आम्ही शारजात दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून राहायचो. स्वयंपाकघर एकच होतं आणि ओट्याच्या वेळा ठरलेल्या होत्या.

वाळूच्या टेकड्यांपाशी पोचल्यावर बाबा सतरंजी टाकून लवंडले आणि मी घसरगुंडी खेळायला पळालो. आई कॅराव्हॅनमध्ये शिरली आणि तिने आतून कडी लावली.

"अगं, बाहेर ये की! काय छान वारं सुटलंय," बाबांनी हाक मारली.

"येते हो. चहा टाकलाय."

वेलदोड्याचा वास बाहेर आला. मग भांडी वाजली, मग तिचं गुणगुणणं ऐकू आलं. मी दार ठोठावलं.

"मॉम, यू आर मिसिंग एव्हरीथिंग!"

"आले रे," ती म्हणाली. पण दार उघडलं ते थेट ऊन उतरल्यावर. ती रुसली असावी, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

परतताना बाबा म्हणाले, "एवढ्या लांब येऊन तू काही बघितलंच नाहीस."

"मस्त झाली ट्रिप," आई म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा ओट्यावर फ्लॅटमधल्या दुसऱ्या कुटुंबातल्या काकूंच्या पोळ्या चालू होत्या. आईने चपला काढल्या आणि नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आपली वेळ व्हायची वाट बघू लागली.