बिनखिळ्यांचे कपाट

माझ्या लग्नात वडिलांनी मला आंदण म्हणून एक कपाट दिले. सागवानी, तीन दारांचे, आणि इतके उंच की वरच्या फळीवरचे काही काढायचे तर मला स्टुलावर चढावे लागे. वडील साताऱ्याला मोजणी खात्यात होते. उभे आयुष्य लोकांच्या बांधांवरून साखळी ओढत गेलेले. लांबी-रुंदी सांगितल्यावाचून त्यांना कोणत्याही वस्तूचे कौतुक करता येत नसे. या कपाटाचे कौतुक मात्र ते एकाच वाक्यात करीत, "ह्यात एकही खिळा नाही." हे ते पाहुण्यांना सांगत, माझ्या सासूबाईंना सांगत, मला तर पत्रातूनसुद्धा कळवीत. आम्ही माना डोलवत असू. खिळा नाही म्हणजे काम उत्तम, एवढाच अर्थ आम्ही घेतला होता.

कपाट सांगलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आले, त्या दिवशी मी तिथे नव्हते. लग्नानंतरचा पहिला श्रावण; मंगळागौरीसाठी मी माहेरी गेले होते आणि यजमान कचेरीत होते. किल्ली शेजारी ठेवलेली. वडिलांनी टेम्पोबरोबर साताऱ्याचा सुतार धाडला होता. तो आला, दुपारभर आतल्या खोलीत ठाकठूक करीत राहिला आणि चहा घेऊन संध्याकाळच्या एसटीने परत गेला. यजमान घरी आले तेव्हा कपाट भिंतीला पाठ लावून असे उभे होते, जणू तेच आधीपासून तिथे होते आणि भिंती मागाहून आल्या.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पाऊलभर गॅलरी असे आमचे दुसऱ्या मजल्यावरचे घर. आतल्या खोलीची एक सबंध भिंत कपाटाने घेतली आणि उरलेल्या जागेत आम्ही अंग चोरून वावरायला शिकलो. तसे मला ते आवडे. दार उघडले की कापूर, वाळा आणि कोऱ्या घडीचा संमिश्र वास हलकेच अंगावर येई. फाल्गुनाच्या सुमारास बाजारात नवी हळद येऊ लागली की गावावरून वाहणारा वारा कडवट, उबदार होऊन जाई आणि तोही त्या दारांच्या फटींतून माझ्या साड्यांच्या घड्यांत जाऊन निजे.

यजमानांना मात्र दिवाळी आली की रंगाचा डबा आणि कुंचला दिसू लागे. खिडक्यांचे गज ते स्वतः रंगवीत आणि उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून कपाटाला देत. एका वर्षी तपकिरी, दोन वर्षे राखाडी, आणि मग सलग तीन वर्षे पोपटी, कारण तो पोपटी डबा काही केल्या संपेना. सागाच्या रेघा एकेका थराखाली झोपी गेल्या. वडिलांनी ते पोपटी कपाट पहिल्यांदा पाहिले तेव्हा दारावरून एकदा बोट फिरवले आणि रंगाचा डबा केवढ्याला पडला, एवढेच जावयाला विचारले.

आई गेल्यापासून वडील साताऱ्यात एकटे राहत होते. माझ्याकडे या, असे मी प्रत्येक पत्रात लिही. मुलीच्या घरी कायमचे राहणे त्यांच्या पिढीच्या मनाला मानवणारे नव्हते. पण ते कारण त्यांनी कधी उच्चारले नाही. ते मोजमाप पुढे करीत. दोनदा ते राहायला आले, बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपले, आणि सकाळी दूधवाल्याची घंटी वाजली की आधी खाट मिटून मग दार उघडायचे, असे दोन दिवस केल्यावर तिसऱ्या दिवशी पिशवी भरून उभे राहिले.

"तुझ्या घरात माझी खाट मावत नाही, बाळ," ते म्हणाले. "मी मोजलंय." आणि आतल्या खोलीत उरलेली जागा त्यांनी खरोखरच विती टाकून मला दाखवली.

माझ्या लग्नाच्या दहाव्या वर्षी, हिवाळ्यात ते न्हाणीघरात घेरी येऊन पडले. शेजाऱ्यांनी दार ढकलून उचलले, म्हणून निभावले. मी पुन्हा लिहिले, या वेळी विनवणी न करता, जवळजवळ रागाने. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले. "रविवारी येतो. चार दिवस बघतो." त्या चार दिवसांत काय बघायचे होते, ते मला ठाऊक होते. या खेपेलाही खाट मिटावी लागली, तर ते पुन्हा कधीही येणार नव्हते.

म्हणून कपाट जायला हवे होते. वडिलांनी दिलेली वस्तू वडिलांसाठीच घरातून काढायची, आणि तीही त्यांना न सांगता! आधी सांगितले असते तर "माझ्यामुळे कशाला?" म्हणून त्यांनी येणेच रद्द केले असते. रविवारी दुपारपर्यंत खोली मोकळी करायची, खाट लावायची, त्यावर धुतलेली चादर अंथरायची आणि मगच सांगायचे, असा माझा बेत होता.

कपाटाला घरही मिळाले. यजमानांच्या ओळखीचे एक शेतकरी होते, मिरजेच्या पलीकडच्या गावचे, जैन. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते रविवारी सकाळी येणार होते, ते दुपारी साडेचारला आले. बरोबर दोन हमाल, आणि हातात माझ्यासाठी गुळाची ढेप, अजून किंचित ओलसर, उसाच्या धुराचा वास असलेली.

"वाटंत टेम्पोचं चाक बसलं, अक्का," ते म्हणाले. "पर आता बगा, चुटकीसरशी न्हेतो."

कपाट आतल्या खोलीतून निघाले. तिरपे होऊन, दाराच्या चौकटीवर दोन पोपटी ओरखडे काढून, बाहेरच्या दारातूनही निघाले. पुढे हमाल, मागे अण्णा आणि यजमान. मग जिन्याच्या पहिल्याच वळणावर ते थांबले. खालून ओढले, वरून ढकलले, आडवे केले, उभे केले. एक कोपरा छताला टेकला, दुसरा कठड्यात शिरला, आणि त्यानंतर ते वरही येईना, खालीही जाईना.

"आवं, ह्ये कपाट न्हवं, हत्ती हाय हत्ती," पलीकडून एक हमाल म्हणाला.

"हत्ती वळतो तरी रं!" दुसरा म्हणाला. मग काडी ओढल्याचा आवाज आला आणि बिडीचा वास कपाटाच्या कडेकडेने आमच्यापर्यंत चढला.

अर्धा-पाऊण तास असा गेला. अण्णांनी जिन्याच्या झरोक्यातून बाहेर पाहिले. ऊन तांबूस होऊन समोरच्या गच्चीवरच्या वाळवणावर उतरले होते. त्यांचा चेहरा प्रथमच गंभीर झाला.

"अक्का, दिस कलला. आमी दिस बुडायच्या आत जेवतो बगा. आता गावाकडं काय पोचत न्हाई, आन् खाली तरी कसा जाऊ? वाटंत कपाट!"

"मग वर चला की, अण्णा. जेवूनच घ्या," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात शिरताच माझे पाय जागीच थबकले. वडिलांना आवडतात म्हणून मी सकाळपासून भरली वांगी मांडली होती. कांदा, लसूण, वर लाल तर्री, असा सगळा थाट. बाजूला बटाट्याच्या काचऱ्या. अण्णांच्या पानात वाढण्याजोगे त्यातले काहीच नव्हते. मी मूगडाळ चढवली, जिरे-हिंगाची फोडणी दिली, वाटीभर दही काढले आणि शाळूच्या पिठाला हात घातला. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून ठेवले. खिडकीच्या गजावरून ऊन बोटाबोटाने वर सरकत होते आणि त्याच्याशी शर्यत लावून मी भाकरी थापत होते. यजमान तव्याजवळ नुसते उभे राहून सूर्याची बातमी देत होते, "अजून आहे. अजून आहे."

अण्णा मांडी घालून शांतपणे जेवले. "आयला, फोडणी झकास हाय," म्हणाले. त्यांनी शेवटचा पाण्याचा घोट घेतला आणि गजावरचे ऊन मावळले. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते, तोच जिन्यातून आवाज आला.

"हे आपलंच कपाट दिसतंय."

वडील आले होते. पिठाचे हात तसेच घेऊन मी वळणापर्यंत धावले. ते पलीकडे खालच्या पायरीवर, मी अलीकडे वरच्या, मध्ये कपाट. त्यांचा आवाज त्या पोकळ सागातून असा घुमून येत होता की कपाटच मला जाब विचारते आहे, असे वाटावे.

"हा पोपटी रंग मी विसरेन होय?" ते म्हणाले. "कुठं निघालंय?"

यजमान छताकडे पाहू लागले. खोटे बोलायला मला काही सुचेना.

"बाबा, तुमच्या खाटेला जागा करतेय," मी म्हणाले. "पाठवून देतेय ह्याला. आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

आता पायऱ्या उतरल्याचा आवाज येईल, मग रिक्षाचा, असे मला वाटले. तेवढ्यात लाकडावर टकटक झाली. बोटाच्या पेराने, एकेका वितीवर, कोणी दार वाजवावे तशी.

"जावईबापू," आवाज आला, "रंगाचे हात किती दिलेत?"

"सहा," यजमान म्हणाले. मग प्रामाणिकपणे, "दाराला सात."

"वा! म्हणजे खुंट्या पार गाडल्यात तुम्ही. अरे, एकही खिळा नाही, एकही खिळा नाही, असं मी दहा वर्षं ओरडतोय, ते कशासाठी? सगळं खुंट्यांवर उभं आहे. ठोकून काढल्या की फळी न् फळी सुटी होते. सुतारानं ते सुटंच आणलं होतं, सुटंच नेता येतं!"

आम्ही दहा वर्षे नुसत्या माना डोलवल्या होत्या.

मग काम सुरू झाले. वडील पेन्सिली तासायच्या चाकूने खालून रंग खरवडीत, यजमान माझ्या उलथन्याने वरून. "डाव्या कोपऱ्यापासून एक वीत आत. तिथं नाही, त्याच्या खाली दोन बोटं." जिन्यातला दिवा लागला. पोपटी कपचे पायऱ्यांवर उडाले, त्याखालून राखाडी, त्याखालून तपकिरी, आणि अखेरीस सागाचा मधाळ रंग. खलबत्त्यातला बत्ता मी पिशवीत घालून वरच्या फटीतून पलीकडे सोडला. ठक, ठक, आणि एक बोटभर खुंटी टुणकन उडून पायऱ्या उतरत गेली. हमाल हसत तिच्यामागे धावला. कपाटाची पाठ सुटली, मग कूस, मग माथा. वाळा आणि कापराचा दहा वर्षांचा कोंडलेला वास जिनाभर मोकळा झाला आणि फळ्यांच्या पलीकडे हातात छोटी पिशवी घेतलेले माझे वडील दिसले, चष्म्यावर पोपटी भुगा.

"तुमी कशाला न्हेताय म्हणे?" त्यांनी अण्णांनाच त्यांच्या बोलीत विचारले.

"हिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवतो की. पाना, पायपाचं तुकडं, वायरी, समदं मावंल त्यात."

माझ्या साड्यांच्या कपाटात पाने आणि पाइप! मी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धाडस केले नाही.

"हरकत नाही," ते चष्म्यावरचा भुगा पुसत म्हणाले. "पण जोडताना आधी खालची चौकट, मग कुशी. आणि रंग देऊ नका."

"न्हाई देत," अण्णा म्हणाले. "द्यायचा झालाच तर तुमास्नी इचारून."

खुंट्या त्यांनी स्वतः मोजून, रुमालात बांधून अण्णांच्या हाती दिल्या. टेम्पो गेला. वडील वर आले, पाय धुतले आणि आतल्या खोलीत गेले. भिंतीवर कपाटाच्या जागी फिकट, स्वच्छ चौकोन उरला होता. घराचा मूळ रंग तेवढ्यातच जपून राहिलेला. मी त्या चौकोनाखाली खाट लावू लागले.

"इथं नको," ते म्हणाले. "खिडकीपाशी लाव. सकाळचं ऊन येईल."

मी खाट ओढली. ते तिच्यावर बसले, भरली वांगी कुठवर आली ते विचारले, आणि मग पिशवीतून एक कोरे पोस्टकार्ड काढून साताऱ्याच्या शेजाऱ्यांना लिहू लागले. मी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकले तेव्हा त्यांच्या टोकदार अक्षरांतल्या दोन ओळी डोळ्यांखालून गेल्या. "माझी मोठी ट्रंक पाठवून द्यावी. इथले दार मोजले आहे, मावते."