शिट्टीचा जबाब

भाऊ मंगळवारी गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते उठले नाहीत. डॉक्टर आले आणि त्यांनी कागदावर वेळ लिहिली. दुपारी धुळ्याहून धाकटा आला.

भाऊ म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडिलांना भाऊ म्हणतात. धाकटा माझ्या पाठचा. आता दोन महिने झाले. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी येते, दिवा लावते आणि थोडंथोडं लिहिते. आज शिट्टीबद्दल लिहिते आहे.

आजोबा, म्हणजे आबा, इंग्रजांच्या वेळी धुळ्याच्या पोलिसांत शिपाई होते. निवृत्त होताना साहेबांनी त्यांची पितळी शिट्टी बक्षीस म्हणून त्यांच्याकडेच राहू दिली. ती शिट्टी आणि शिपायांसाठी मराठीत छापलेलं नियमांचं एक पुस्तक, एवढंच आबांच्या मागे आमच्या घरात उरलं. पुस्तकाचं मुखपृष्ठ गेलेलं होतं. शिपायानं पट्टा कसा बांधावा, पहाऱ्यावर कोणाशी बोलू नये, रजेवर असतानाही तो कामावरच समजला जाईल, कोणत्या चुकीला किती जादा कवायत, कोणत्या कामाला काय बक्षीस, सगळं त्यात होतं. मधली काही पानं भाऊंनी पांढऱ्या दोऱ्यानं शिवून बंद केली होती. मोठी झाल्यावर मी ती उसवून वाचली. जमावावर लाठी केव्हा आणि कशी चालवायची, ते त्यात होतं. जमाव म्हणजे आपलीच माणसं. आबांनी ती पानं कितीदा वाचली असतील, हे मला ठाऊक नाही. मी ती पुन्हा शिवून टाकली.

भाऊंनाही पोलिसांत जायचं होतं. भरतीच्या दिवशी ते उंचीत अर्ध्या इंचानं कमी पडले. मग पाटबंधारे खात्यात कारकून झाले आणि आबांचं पुस्तक त्यांनी घरात लागू केलं.

त्यासाठी एक लांबट वही होती. सरळ धरली की बक्षिसं, उलटी धरली की शिक्षा. बक्षीस सर्वांसमोर वाचून दाखवायचं, असा नियम होता. त्यामुळे जेवायच्या आधी आम्ही दोघं भावंडं ताटामागे उभी राहायचो आणि भाऊ वाचायचे, "न सांगता कंदिलाच्या काचा पुसल्या. शाबासकी." लिहिलेलं खोडायचं नाही, चूक झालीच तर एक रेघ मारून सही करायची, असाही नियम होता. पण भाऊंचा सर्वांत आवडता नियम म्हणजे, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं ऐकून लिहून घेतल्याशिवाय शिक्षा करायची नाही. धाकट्यानं भरीत सांडलं तरी आधी त्याचा जबाब होई. तो लांबलचक जबाब देई आणि तेवढ्यात भाकरी गार होई.

आई म्हणायची, "मी रोज दोन वेळा चुलीपुढे कवायत करते, माझी नोंद कुठाय?"

"अधिकाऱ्यांची पत्रकं वरच्या कचेरीत असतात," भाऊ म्हणायचे.

दर रविवारी चिंच लावून शिट्टी घासायचं काम माझ्याकडे होतं. मी अकरा वर्षांची असेन. एका रविवारी भाऊ धाकट्याला घेऊन केस कापायला गेले होते. मी शिट्टी खिळ्यावरून काढली, चिंच लावली, मोरीजवळ ठेवली आणि पुस्तक वाचत बसले. त्याच वेळी गल्लीत पितळ घेऊन स्टीलची भांडी देणारा आला. आईनं गळका तांब्या, मोडका नळ, समईचं खोड असं पितळ मोरीजवळच गोळा करून ठेवलं होतं. तिनं तो सगळा ढीग पदरात घेतला आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घेऊन आली. तो डबा तिला वर्षभरापासून हवा होता.

थोड्या वेळानं मी शिट्टी शोधू लागले. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मोरीकडे पाहिलं. ती धावत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तो माणूस निघून गेला होता. ती परत येऊन उंबऱ्यावर बसली.

"आते काय करू व माय?" ती म्हणाली.

सांगू नकोस असं तिनं म्हटलं नाही. ते मीच ठरवलं. भाऊ रागावणारे असते तर मी सांगून टाकलं असतं. पण ते गप्प झाले असते, आणि त्यांचं गप्प बसणं आईला सोसत नसे.

संध्याकाळी भाऊंनी खिळ्याकडे पाहून विचारलं. माहीत नाही म्हणणं खोटं झालं असतं. मी म्हणाले, "मी जबाब देणार नाही."

भाऊंनी वही उलटी करून लिहिलं, "शिट्टी हरवली. जबाब देण्यास नकार." शिक्षेचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला. आई आत गेली आणि भांडी लावत राहिली.

तो रकाना चाळीसहून जास्त वर्षं मोकळा राहिला. मला ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा भाऊंनी उभं करून बक्षीस वाचलं, आणि शेवटी हळूच म्हणाले, "एक प्रकरण मात्र बाकी शे." आई तेव्हाही उठून आत गेली. ती वारल्यावर मी भाऊंना जळगावला मेहरूणला माझ्याकडे आणलं. आता सांगणं आणखी अवघड झालं होतं. आबांची बक्षिसाची शिट्टी आईनं मोडीत दिली, हे तिच्या मागे मी कसं सांगायचं?

मागच्या हिवाळ्यात भाऊंचं मेहरूणच्या तलावावर फिरायला जाणं बंद झालं. वॉकर घेऊन ते ओट्यावरच फेऱ्या मारायचे. एका सकाळी उन्हात बसले असताना म्हणाले, "तुना जबाब बाकी शे. मी आता फार दिवस कामावर नाही."

मी सगळं सांगितलं. मोरी, चिंच, ढीग, डबा, आईचं गल्लीच्या तोंडापर्यंत धावणं.

भाऊ म्हणाले, "कोणता डबा?"

मी आतून डबा आणला. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ मी त्यातच ठेवते. भाऊंच्या रोजच्या भाकरीचं पीठ त्यातूनच निघत होतं. त्यांनी बोटानं डबा वाजवला.

"झाकण अजून घट्ट बसतं?"

"बसतं."

"मग ठीक. वही आण."

मला धीर धरवला नाही. "आईचं काय लिहिणार?"

"तिचं म्हणणं ऐकलं का आपण?"

"आता कसं ऐकणार, भाऊ?"

"मग शिक्षा नाही. नियम शे." आणि डबा माझ्याकडे देत म्हणाले, "तिचं पत्रक तसंही आपल्याकडे नसतं."

त्यांनी जुन्या नोंदीवर एक रेघ मारली आणि सही केली. सही पुरी व्हायला बराच वेळ लागला. शिट्टी मोरीजवळ टाकून वाचत बसल्याबद्दल मला ओट्याच्या दोन फेऱ्या लावल्या. मग वही सरळ करून एक ओळ लिहिली आणि म्हणाले, "धाकट्याला फोन लाव. बक्षीस सर्वांसमोर वाचायचं असतं."

धाकट्याचं धुळ्यात दुकान आहे. "भाऊ, गिऱ्हाईक उभं शे," तो म्हणाला.

"त्याला राहू दे उभं. तूही उभा राहा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊंनी माझं नाव घेऊन वाचलं, "शिट्टीच्या प्रकरणात आईला सांभाळले. शाबासकी."

धाकटा म्हणाला, "म्हणजे शिट्टी अक्कानं घालवली? इतकी वर्षं बठ्ठा संशय माझ्यावर?"

"तुझी पानं वेगळी आहेत," भाऊ म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मग आम्ही फेऱ्या मारल्या. शिक्षा माझी होती, पण वॉकर घेऊन तेही सोबत आले. दोनाच्या तीन झाल्या. ते हसत होते. त्यानंतर शिट्टीचा विषय त्यांनी काढला नाही.

शिट्टी मिळाली नाही. डबा स्वयंपाकघरात आहे आणि त्यात पीठ आहे. वही माझ्या टेबलावर आहे. तिची अकरा पानं कोरी आहेत.