ताईनं चालवलेली बस

आगारात तिला सगळेच ताई म्हणत. इतकी वर्षं बस हाकली, पण गाडीवर साधा ओरखडा नाही. धाकटा भाऊ मात्र मोटरसायकल शर्यतीतला अजिंक्यवीर. तीन वर्षांपूर्वी ऐन शर्यतीत एका वळणावर तो गेला आणि ताईनं शर्यतीचं नावच टाकलं. त्याचे चाहते दरवर्षी ट्रॅकवर जमत, तिला फोन करून बोलावत. "तुम्हीच टाळ्या वाजवून त्याला पळवलंत," एवढं बोलून ती फोन ठेवून देई.

यंदा चाहत्यांनी ट्रॅकवर जायला बस ठरवली. नेमका ड्रायव्हर तापानं फणफणला आणि किल्ली आली ताईच्या हातात. तिला चेहऱ्यानं कुणी ओळखत नव्हतं. ती ओठ घट्ट मिटून गाडी चालवू लागली.

मागे गप्पांना ऊत आला होता. एक नर्स सांगत होती, "जिंकला की सगळीकडे फोटो. पण हरला की आमच्या मुलांच्या वॉर्डात यायचा. म्हणायचा, 'आज शेवटून दुसरा आलो. आता इथे तरी कुणाला हसवू दे.'"

हे ताईला ठाऊकच नव्हतं. हरल्यावर तो उशिरा घरी येई, तेव्हा तिनं त्याला किती बोल लावले होते!

"जन्मताच वीज होता तो!" एक गवंडी म्हणाला. "घरीसुद्धा एका जागी बसत नसणार."

"कसली वीज!" ताईच्या तोंडून निघून गेलं. "घरी गोगलगाय म्हणायचो त्याला. आंघोळीला गेला की बाकीच्यांनी आशा सोडायची. लग्नाला निघालो तर वरात परत येताना भेटली!"

नर्स हळूच म्हणाली, "तुम्ही... त्याच्या ताई?"

ताईनं गाडी कडेला घेतली. डोळे पुसले. वळून म्हणाली, "त्या वॉर्डाचं अजून सांगा ना."

ट्रॅकवर पोचेपर्यंत कुणाचं हसू थांबलं नाही, कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. ती कोण हे कळताच तिथल्या रखवालदारानं फाटक उघडून दिलं. "एक फेरी मारा, ताई. आज ट्रॅक मोकळाच आहे."

त्या वळणाशी येताच तिचा पाय ब्रेकवर गेला. मागून गवंडी म्हणाला, "सावकाश, ताई. आम्हाला घाई नाही."

तिनं सावकाशच वळण घेतलं. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि या खेपेला तिनं त्या ऐकून घेतल्या.

उतरताना तिनं नर्सला विचारलं, "वॉर्डात भेटायची वेळ काय असते? रविवारी मला सुट्टी असते."