‘मोकळी आहे’ म्हणून दिलेली बंदूक

इस्पितळाच्या लाँड्रीत काम करणाऱ्या ताईला दोन पुरुष सांभाळायचे होते, आणि त्यातल्या एकाच्या हातून दुसऱ्यावर बंदुकीचा बार उडाला होता. उडवणारा तिचा नवरा, आणि खाणारा तिचा पाठचा भाऊ. बाईनं कुणाची बाजू घ्यायची, सांगा बरं? लोकांना विचारलं तर लोक दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होत. ताईला मात्र रोज सकाळी उठून एकाला भाकरी करून द्यायची असे आणि रविवारी दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याची जखम धुवायची असे.

भावाला घरात बारक्या म्हणत. म्हणायलाच बारक्या, अंगानं चांगला दांडगा होता. आई लवकर गेल्यावर ताईनंच त्याला वाढवला, त्याचं नाक पुसलं, त्याला बदडलाही. तिचं लग्न झालं तेव्हा हा गडी नव्या भाऊजींच्या मागेमागे फिरायचा. भाऊजी एका मोठ्या गोदामावर पहारेकरी, खांद्यावर दुनळी बंदूक, पायात चकचकीत बूट. बारक्या त्यांच्यावर जीव टाकायचा. पुढे भाऊजींनीच शब्द टाकून त्याला त्याच गोदामात पोती चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लावला. ताईनं तेव्हा नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की पोरगं तुमच्या भरवशावर सोडतेय. नवरा हसला होता आणि म्हणाला होता, माझ्या डोळ्यांसमोरच राहील की.

आता त्या पहारेकऱ्यांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण सगळा सत्यानाश तिनंच केला. पाळी बदलताना जाणारा पहारेकरी बंदूक पुढे करायचा आणि म्हणायचा, “मोकळी आहे.” येणाऱ्यानं ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि मान तुकवायची. उघडून बघायची नाही. समोरच्यासमोर उघडून बघणं म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणणं, आणि समोरचा वयानं मोठा असला तर मग विचारूच नका. एका नव्या गड्यानं एकदा उघडून बघितली, तर त्याच्याशी महिनाभर कुणी धड बोललं नाही. आणि या शहाणपणावर कळस म्हणजे, बंदूक खुंटीला लावायच्या आधी भिंतीकडे तोंड करून दोन्ही चाप ओढायचे, म्हणजे आतल्या स्प्रिंगांवर ताण राहत नाही. खोलीच्या दोन भिंतींना खिडक्या, तिसरीला दार. म्हणून चौथीकडे तोंड करायचं. ही चौथी भिंत म्हणजे प्लायवूडचा पडदा होता आणि त्याच्या पलीकडे हमाल कपडे बदलत. शिकल्यासवरल्या, शिस्तीच्या, मिशांना पीळ देणाऱ्या माणसांचा हा नेम, आणि यात काही चुकतंय असं एकाही मायच्या लालाला कधी वाटलं नाही!

त्या दिवशी पाळी उस्तादांची संपत होती. उस्ताद म्हणजे सगळ्या पहारेकऱ्यांचे गुरू, म्हातारे, सगळे त्यांचे पाय धरणारे. गोदामात रानटी कुत्री शिरली म्हणून त्यांनी दोन्ही नळ्या भरल्या होत्या. कुत्री आपसूक पळाली, म्हातारा चहाला बसला आणि विसरला. मग बंदूक पुढे करून सवयीनं म्हणाला, “मोकळी आहे.” ताईच्या नवऱ्यानं मान तुकवली, वळला, प्लायवूडकडे नळी केली आणि चाप ओढला.

बारक्या पलीकडे एका पायावर उभा राहून पॅन्ट चढवत होता. छर्रे पडदा फाडून त्याच्या मांडीत आणि कुल्ल्यात घुसले. पडद्याला ताटाएवढं भोक पडलं. नवऱ्यानं त्या भोकातून आधी धूर पाहिला आणि मग मेहुण्याचं तोंड पाहिलं. बारक्या ओरडत नव्हता. तो आपल्या मांडीकडे बघत होता. तिथे मांडी राहिली नव्हती, चिंध्या होत्या, त्यातून हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं आणि रक्त उसळ्या मारत होतं. मग तो ओरडला. बाहेरच्या रस्त्यावरचे ट्रकवाले म्हणाले की असा आवाज त्यांनी जनावराचाही ऐकला नव्हता. नवऱ्यानं हाताच्या मुठी जखमेत खुपसून रक्त दाबून धरलं, आणि गाडी येईपर्यंत तो एकच वाक्य बोलत राहिला, “उस्ताद मोकळी म्हणाले, उस्ताद मोकळी म्हणाले.”

ताईला कामावरच निरोप मिळाला, बारक्याला तिच्याच इस्पितळात आणलं होतं. ती वर धावली, पण तिला शस्त्रक्रियेच्या खोलीत कोण सोडणार? बाहेर बसून बसून वेड लागेल म्हणून ती परत खाली आली आणि यंत्रापाशी उभी राहिली. थोड्या वेळानं वरून चादरींचं गाठोडं आलं. लाँड्रीत रक्ताच्या चादरी रोजच येतात. त्या गरम पाण्यात टाकायच्या नाहीत, रक्त चिकटून बसतं. आधी गार पाण्यात खंगाळायच्या. तिनं गाठोडं सोडलं, चादरी गार पाण्यात सोडल्या, आणि तळाच्या चादरीत तिला बारक्याच्या पट्ट्याचं बक्कल सापडलं. बाजूच्या बायका सांगतात, ताई रडली नाही. तिनं ते पाणी सोडलं, दुसरं घेतलं, पुन्हा सोडलं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत कुणाला हौदाला हात लावू दिला नाही.

पाय मांडीपासून कापावा लागला.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं सगळ्यांना त्या खोलीत उभं केलं. ताईही दारात होती. अधिकाऱ्यानं तीच बंदूक हातात घेतली, अंगठ्यानं वरची कळ बाजूला सारली, नळ्या बिजागरीवर खाली पडल्या, आत बोट घातलं, झालं. पापणी लवायलाही जरा जास्त वेळ लागतो. “एवढंच करायचं होतं,” तो म्हणाला. ताईचं डोकं तिथे फिरलं ते फिरलं. नशीब, दैव, अपघात असली भाषा तिच्यासमोर कुणी काढली की ती अंगावर धावून जाई. कसलं दैव डोंबलाचं! एक अंगठा हलवायचा होता, आणि म्हाताऱ्याला राग येईल म्हणून हलवला नाही. उस्तादांनी कोर्टात शपथेवर सांगितलं की मी मोकळी आहे असं म्हणालो होतो. म्हणाले होतेच की, कोण नाही म्हणतंय?

नवऱ्याला शिक्षा झाली. भोगून तो परत आला तेव्हा त्याचे केस पिकले होते आणि पाठीमागे भांडं पडलं तरी तो भिंतीला चिकटत होता. त्यानं एका लाकडाच्या वखारीत काम धरलं. बारक्याचं काय सांगावं? त्याला कुबड्या मिळाल्या आणि बसल्या जागी करायचं पाकिटं चिकटवायचं काम मिळालं. पण ज्या अंगात पोती पेलायची ताकद होती ते अंग खुर्चीत मावेना. घरात बायको होती, तिच्यावर तो हात उचलायला लागला. एके दिवशी त्यानं तापलेला तवा तिच्यावर भिरकावला, तिचा खांदा भाजला, आणि ती तशीच माहेरी निघून गेली ती पुन्हा उंबऱ्याला आली नाही. ताई तिला आणायला गेली नाही. उलट बरं केलंस म्हणून निरोप धाडला.

दर रविवारी ताई आणि नवरा बारक्याकडे जात. जायचं नवऱ्यानंच ठरवलं होतं. तो मेहुण्याला उचलून मोरीत नेई, अंघोळ घाली, कपडे धुई. बारक्या त्याच्यावर थुंके. कधी कुबडी घेऊन पाठीत, कानशिलात, जिथे बसेल तिथे हाणे. नवरा हात वर करत नसे, तोंड फिरवत नसे, ओठ फुटला तर पुसून पुन्हा साबण लावायला घेई. ताईनं एकदा कुबडी हिसकावून घेतली, तर नवराच म्हणाला, मारू दे त्याला. आणि छर्रे होतेच. डॉक्टरांना कुल्ल्यातले सगळे काढता आले नव्हते. इतक्या वर्षांनीही एखादा वर सरकत सरकत कातडीखाली यायचा, तिथे लाल गळू व्हायचं, आणि मग ताई चिमट्यानं तो काढायची. बारक्या दात खाऊन भाऊजींकडे बघत राहायचा आणि ठरलेलं वाक्य म्हणायचा, “एक दिवस मी तुमचा पाय घेणार.”

ताईला हे बोलणं नुसतं बोलणं वाटत नसे. आपण एकाला गमावणार, मग दुसराही तुरुंगात जाणार, आणि आपल्या हाती काय राहणार, हा धसका तिला कायमचा बसला होता. ती स्वयंपाकघरात असली तरी एक कान बाहेर ठेवून असे.

एका रविवारी दुपारी ते गेले तर बारक्याच्या मांडीवर दुनळी बंदूक. ती शेजाऱ्याची, तो फळबाग राखायचा. गावाला जाताना त्यानं ती बारक्याच्या कपाटावर टाकली होती, काडतुसांच्या डब्यासकट. कुलूप नाही, काही नाही. पत्र्याच्या पेटीला कुलूप लावून गेला आणि बंदूक एका पिसाळलेल्या माणसाकडे ठेवून गेला. ताई म्हणाली, ठेव ती वर. बारक्या म्हणाला, ठेवतो. आवाज इतका गोड की तिला बरं वाटलं, हीच तिची चूक. ती आत पाणी तापवायला गेली.

बाहेर बारक्यानं बंदूक दोन्ही हातांनी पुढे केली. “भाऊजी, मोकळी आहे. माझ्या शब्दावर विश्वास आहे ना? त्या म्हाताऱ्यावर होता. मग नळी स्वतःच्या पायावर ठेवा आणि ओढा चाप.”

ताईनं हे ऐकलं आणि दारात आली. नवरा स्टुलावर बसला होता. त्यानं बूट काढला होता. बंदुकीचं तोंड त्यानं आपल्या उजव्या गुडघ्याखाली टेकवलं होतं, बोट चापावर होतं, आणि चेहरा अगदी शांत होता. तरीही ती क्षणभर थांबली. कदाचित मोकळीच असेल, बारक्याला नुसता घाम फोडायचा असेल, असं तिला वाटलं. मग तिची नजर भावाकडे गेली. बारक्यानं दोन्ही तळव्यांनी आपले कान घट्ट झाकून घेतले होते.

ती उडी मारून स्टुलावर आदळली. आधी खांद्यानं नवऱ्याला उलथा केला, नळी लाथेनं भिंतीकडे ढकलली, त्याची बोटं मुरगळून चापावरून काढली. एक बोट मोडलं, तो कळवळला, तिनं ऐकलं नाही. बंदूक ओढून घेतली, अंगठ्यानं कळ सारली, नळ्या खाली पाडल्या आणि बंदूक उलटी झटकली. दोन लाल काडतुसं जमिनीवर पडली आणि गडगडत बारक्याच्या कुबडीपाशी जाऊन थांबली.

नवरा जमिनीवर बसून मोडलेलं बोट धरून होता. ताईनं विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यानं काढून ठेवलेला बूट जवळ ओढला. मग म्हणाला, दाराशी आलो तेव्हाच आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकला होता. वाटलं, फिटून जाईल एकदाचं.

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी, मग तिसरी, हात दुखेपर्यंत मारली. एवढ्या संसारात तिनं त्याला कधी अहो सोडून हाक मारली नव्हती.

“तुझं फिटेल रे,” ती म्हणाली. “माझं काय? मी कुणाची काय लागते? एकाची जखम धुते, आता दुसऱ्याचीही धुवू? तू तिकडे मेला असतास रक्त जाऊन, आणि हा फासावर लटकला असता, आणि मी दोघांच्या चादरी धुतल्या असत्या. एवढंच माझं काम, नाही का? धुणं?”

नवरा पहिल्यांदाच रडला. शिक्षा सुनावली तेव्हा रडला नव्हता, कुबडी खाताना रडला नव्हता. आता त्याला श्वास घेता येईना इतका रडला.

बारक्या खुर्चीत पुढे सरकला. “ताई,” तो म्हणाला, “मी ओढू दिलं नसतं. आईशप्पथ. शेवटच्या क्षणी मी थांबवलं असतं.”

ताईनं वाकून काडतुसं उचलली. “कान झाकून?”

त्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. ज्याच्या नाकाचा शेंबूड तिनं पुसला होता तो पोरगा तिला त्या खुर्चीत कुठे दिसेना. आतमध्ये पाणी उकळून उतू जात होतं, शेगडीवर चुर्र वाजत होतं, आणि ते उतरवायला कुणी उठलं नाही.

“हे सगळं मी चौकीत जाऊन सांगणार आहे,” ती म्हणाली. “काय केलंस तेही, आणि ही कुणी तुझ्याकडे टाकली तेही. तुला काय व्हायचं ते होईल. तुरुंगात जखम धुवायला येईन.”

तिनं नळ्या पाडलेली बंदूक हातावर टाकली, काडतुसं पदरात बांधली आणि दार उघडलं. नवरा भिंत धरून उठला, काढलेला बूट पायात घातला आणि विचारू लागला की मीही येऊ का.

“या,” ती म्हणाली. “पण माझ्या मागे नको. पुढे चाला, मला दिसत राहाल असे.”